पडद्यामागचं नाम

“आई आता भानावर नाही, हे कुणीतरी तोंडाने बोलायलाच हवं,” गौरहरी म्हणाला, आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत पुढचंही सगळं बोलून मोकळा झाला. उद्या उजाडता अंगणातलं अखंड नाम संपेल, समाप्तीचं दही-मंगल होईल, पाहुणे आपापल्या गावी जातील. परवा आईला नवद्वीपच्या भजनाश्रमात पोचवायचं. तिच्यासारख्या विधवा बाया तिथे आहेत, दोन वेळचं ताटात पडतं, सकाळ-संध्याकाळ नाम होतं. गाडी सांगून ठेवलीय.

गाडी सांगून ठेवलीय म्हणजे हा विचार आजचा नव्हे, एवढं ललिताला कळलं. एरवी ती तिथल्या तिथे कडाडली असती. गेल्या दुर्गापूजेत याच विषयावर तिने थोरल्या भावाची अशी खरडपट्टी काढली होती की शेजारच्या घरातली माणसं अंगणात येऊन उभी राहिली होती. आईला आश्रमात टाकायच्या आधी मला जाळून या, असं तेव्हा ती म्हणाली होती. पण आज कृष्णनगरहून आल्या आल्या ती आईच्या उशाशी बसली, आणि आईने तिचा हात धरून सांगितलं, “ऐक, तुझे बाबा गातायत. त्यांचा तो आवाज आहे गं, तू मांडीवर होतीस तेव्हाचा.” बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई तेवढ्यावर थांबली नाही. भोंग्यातून नामाची ओळ आली तशी तिने ती मागे म्हटली, पुन्हा ओळ आली, पुन्हा म्हटली, कीर्तनात मुख्य गायकामागे दोहार म्हणतात तशी. ललिताने हात सोडवून घेतला. आईचं असं व्हावं याचा तिला राग आला, आणि आता हिला आपल्या कृष्णनगरच्या अंधाऱ्या दोन खोल्यांत न्यावं लागणार की काय, हा विचार आपल्या मनात आलाच कसा, याचा त्याहून मोठा राग आला.

“दादा म्हणतो तसं करा,” ती म्हणाली. तिने कुणाकडे बघितलं नाही.

धाकटा श्रीवास भाताच्या पोत्यावर बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होता. मृदंग तो उत्तम वाजवायचा. बाकी कुठल्याही बाबतीत जो शेवटी बोलला त्याचं त्याला पटायचं. शेवटी ललिता बोलली होती. त्याने मान डोलावली.

त्याच्या बायकोला, झर्णाला, कुणी विचारलंच नाही. पौषात सासू तळ्याच्या घाटावर घसरून कमरेत मोडली, तेव्हापासून तिची कूस बदलणं, तिला भरवणं, तिचं हगणं-मुतणं काढणं, सगळं झर्णा करत होती. पण मोठ्या दिरासमोर धाकट्या सुनेने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, ही हालदारांच्या घरची रीत. ती भातकोठीच्या चौकटीला टेकून उभी होती आणि आतल्या आत जळत होती. वेडी म्हणे. आज पहाटे याच वेड्या बाईने तिला बजावलं होतं की तुळशीपुढच्या दिव्यात तूप घालायच्या आधी भाजी चिरलेला हात राखेने घासून धू. वेडी माणसं इतकी रीतसर बोलणी देत नाहीत.

गौरहरी उठून पश्चिमेच्या खोलीकडे निघाला. बाहेर पंचक्रोशीतली माणसं खिचडीला बसली होती. म्हातारी खिडकीतून कुणालाही हाक मारून सांगेल की नवरा गातोय, मग शोभाच. तशी शोभा झालीच होती. पाया पडायला आलेल्या बायांना म्हातारीने, क्षीरोदाने, तेच सांगितलं होतं, आणि हालदारांची म्हातारी गेली हो कामातून, हे वाढप्यांच्या आधी सगळ्या पंगतीत फिरलं होतं.

कंपाउंडरने रात्रीपुरती दिलेली झोपेची गोळी गौरहरीने भर दुपारी हातावर काढली.

“आत्ता नको रे, गौर,” क्षीरोदा म्हणाली. “ते एकटेच गातायत. मागे म्हणायला कुणीच नाही, ऐकतोयस ना?”

गौरहरीने तिची हनुवटी धरली, गोळी जिभेवर ठेवली, पेला ओठाला लावला. त्याचा हात थरथरत होता. झर्णाने ते पाहिलं आणि तिला वाटलं, शेवटी पोटचा मुलगा आहे, जीव तुटतोय बिचाऱ्याचा. पुढे हे आठवून ती स्वतःवरच भडकायची.

खरी गोष्ट अशी होती की क्षीरोदाचे कान शाबूत होते. भोंग्यातून तिचे गेलेले पती निताईपद हालदारच गात होते, आणि घरात हे ठाऊक असलेला माणूस एकटा गौरहरी होता.

अष्टप्रहर नामाचा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. सूर्य उगवताना तुळशीच्या मंचाभोवती धरलेलं नाम दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत तुटता कामा नये. एक दल थकलं की दुसरं रिंगणात शिरतं, पहिल्याच्या आवाजात आवाज मिसळतं, आणि मगच पहिलं बाहेर पडतं. गळ्याने गळ्याला द्यायचं. मध्ये श्वासाएवढी फट पडली तरी संकल्प बुडाला. एका साली पुढचं दल चिखलात अडकलं तेव्हा निताईपद अंगात ताप असताना एकटे रिंगणात फिरत राहिले होते. त्यांच्या नावावर हे घर आजवर मान मिळवत आलं.

आज सकाळी बलाईचं दल गात होतं. त्यांच्यामागून यायचं ते काटोयाचं दल गंगेपलीकडे अडकलं. लाँच बंद पडलीय, यायला दुपार कलेल, असा फोन आला. बलाईची माणसं घोगरी झाली होती आणि त्यांना दुसऱ्या गावचं बोलावणं होतं. तो रिंगणातूनच हात जोडून खुणावत होता, की सोडवा आता. अशा वेळी घरच्या माणसाने आत उतरायचं असतं. श्रीवास ललिताला आणायला स्टेशनवर गेलेला. नाम धरायचं तर गौरहरीनेच धरायला हवं होतं.

तो उतरला नाही. पंचविशीत याच अंगणात, भरल्या बैठकीत तो बेसूर झाला तेव्हा निताईपदांनी हात वर करून त्याला थांबवलं होतं आणि त्याची ओळ काढून धाकट्या श्रीवासला दिली होती. त्या दिवसापासून गौरहरी माणसांसमोर गायला नाही. वर्गणी, मांडव, भोंगे, फलक, पाहुण्यांची उठबस, हे सगळं त्याने अंगावर घेतलं; गाणं सोडून सगळं. आज फलकावर त्याचं नाव हातभर अक्षरांत होतं. तो फुटका गळा घेऊन त्या फलकाखाली उभं राहायला तो तयार नव्हता.

बापाचा आवाज त्याच्या फोनमध्ये होता. निताईपद तिशीत असताना कुणा शौकिनाने भरून घेतलेली एक टेप ट्रंकेत सापडली होती, आणि माइकवाल्या नृपेनने ती फोनमध्ये उतरवून दिली होती. ललिता आणि श्रीवास यांना बापाचा दम्याने चिरका झालेला पुढच्या काळातला आवाजच ठाऊक. हा भरदार आवाज त्यांच्या कानांना परका. गौरहरीने नैवेद्याच्या भोगाची वेळ झाली म्हणून मंचाभोवतीचे पडदे ओढायला लावले. भोग चढतो तेव्हा आत कुणी डोकावत नाही. नृपेनला खूण केली. बलाईने फोन पाहिला, गौरहरीकडे पाहिलं, आणि आपली माणसं घेऊन तळ्याच्या बाजूने निघून गेला. काटोयाचं दल गंगा उतरेपर्यंत, एवढंच, असं गौरहरीने स्वतःला सांगितलं.

मग आईने आवाज ओळखला. सांगून टाकावं असं गौरहरीच्या मनात आलंही. तेवढ्यात ललिता रडत बाहेर आली, दादा, आई हातातून गेली रे, म्हणाली, आणि तो मूग गिळून बसला. इथपर्यंत एक वेळ भीती म्हणून सोडून देता येईल. पण गप्प बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपलं दुसरंही एक अडलेलं काम आता होतंय. आई घरात असेतो नामयज्ञ तिच्या शब्दाने चालायचा. कुठलं दल बोलवायचं, कुणाला रिंगणात उतरू द्यायचं, भोंगे किती लावायचे, सगळं पलंगावरून तीच ठरवायची, आणि साठी जवळ आलेल्या मुलाला चारचौघांत नाही म्हणायची. ती वेडी ठरली की हे सगळं संपत होतं. मग त्याने भावंडांना भातकोठीत बोलावलं. याची सूट आमच्या गावात त्याला कुणी दिली नाही, आणि मीही देत नाही.

रिंगणातून बाहेर पडणाऱ्या दलाचे पाय घरच्या सुनेने धुवायचे असतात. सासूला झोप लागलेली पाहून झर्णा घागर आणि गमछा घेऊन पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली. बलाईचं दल आत आहे आणि आता बाहेर पडेल, असं तिला वाटत होतं. उभी राहून राहून हात भरून आला. भोंग्यात नाम जोरात चाललं होतं, पण पडद्याआड पाय ऐकू येत नव्हते. रिंगण फिरतं तेव्हा जमीन दणदणते, झांजा कानाशी वाजतात, मध्येच कुणी खाकरतं, कुणी पाणी मागतं. इथे सगळा आवाज डोक्यावरून येत होता. भोग चढताना पडदा उचलू नये हे ठाऊक असून तिने तो उचलला.

आत तुळस होती, दिवा होता, जमिनीवर बत्तासे सांडले होते आणि घरचा मृदंग आडवा पडला होता. माइकची मान वाकवून गमछ्यात गुंडाळलेल्या फोनला लावली होती. शेजारी नृपेन मुरमुरे खात बसला होता. तो दचकून उठला आणि विचारायच्या आत बोलला, “गौर-बडदांनी सांगितलंय, बौदी. तुमच्या सासऱ्यांचाच आवाज आहे, परक्या कुणाचा नाही.”

झर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती भातकोठीतली बैठक, ती सांगून ठेवलेली गाडी, ती धरलेली हनुवटी, तो थरथरणारा हात. सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला. चालतं नाम तोडणाऱ्याच्या घरात दिवा लागत नाही, हे ती माहेरपासून ऐकत आली होती. ते आठवत असतानाच तिने फोन उचलला आणि बंद केला.

सगळं कुसुमडांगा गाव गप्प झालं. पंगतीत घास हातात राहिले, खिचडीचा डाव बादलीवर थांबला. नाम थांबलं, असं एक म्हातारी कुजबुजली ते पार टोकाला ऐकू गेलं. गौरहरी पंगतीतून धावत सुटला, त्याच्यामागे श्रीवास. पडद्यात शिरून गौरहरीने फोन पाहिला, झर्णाला पाहिलं, आणि दातओठ खात भावाला म्हणाला, “गा. विचारू नकोस काही, गा.” श्रीवासने काही विचारलं नाही. मृदंग गळ्यात अडकवून त्याने नाम धरलं. भोंगे पुन्हा बोलू लागले, बाहेर लोक म्हणाले करंट गेला असेल, आणि डाव पुढे सरकला. थोड्या वेळात काटोयाचं दल घामाघूम होऊन पोचलं आणि तसंच रिंगणात शिरलं.

“चालतं नाम तोडलंस तू, बौमा,” गौरहरी झर्णाला म्हणाला. “घरात चल.”

पश्चिमेच्या खोलीत क्षीरोदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. गौरहरीने घराण्याचे गुरू असलेल्या गोसाईंना बोलावून आणलं, दार लावलं आणि निवाडा मागितला. धाकट्या सुनेने नाम बंद पाडलं, याला प्रायश्चित्त काय? फोनचं नाव त्याने काढलं नाही. ललिता झर्णावर तुटून पडली. या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे घडलं नाही ते हिने करून दाखवलं, बाबा असते तर आज त्यांनी हिला उंबऱ्याबाहेर काढलं असतं, असं बोलत बोलत ती, मूलबाळ नसलेल्या बाईला घराण्याचं काय, इथपर्यंत गेली. झर्णाला मूल नव्हतं, आणि त्या घरात आजवर कुणी ते तिच्या तोंडावर काढलं नव्हतं.

झर्णाने डोक्यावरचा पदर खाली सारला. लग्न होऊन आल्यापासून मोठ्या दिराने तिचं कपाळ पाहिलं नव्हतं. गौरहरीने सवयीने नजर वळवली.

“इकडे बघा, बडदा,” ती म्हणाली. “रिंगणात कोण गात होतं ते दिदींना तुम्ही सांगता की मी सांगू?”

हे बायकांनी बोलायचं ठिकाण नाही, असं तो पुटपुटला. मग तिनेच सांगितलं. पडदा, नृपेन, फोन, टेप, सगळं.

“मा सकाळपासून जे सांगत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही त्यांना वेडी ठरवलंत.”

ललिताला ते डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तिने भावाच्या कुर्त्याची छाती धरली. आई मला ऐक म्हणत होती आणि मी तिचा हात सोडवून घेतला, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, तुझ्यामुळे मी तिचा हात सोडवून घेतला. गौरहरीने तिला झटकून दिलं. आता तोही पेटला होता. नाम ते नाम, तो म्हणाला, गळा जिवंत काय अन् टेपवरचा काय, शिवाय गळा कुणा भाडोत्र्याचा नव्हता, निताईपदांचा होता. तुम्ही सगळे आयत्या पत्रावळीवर येऊन बसता. दलांच्या दारात जाऊन हात जोडणं, मांडव घालणं, सगळं गाव जेवू घालणं, यातलं काय कुणी कधी केलंय? आणि आश्रमाला तू हो म्हणालीस, ललिता, मी तुझं तोंड धरून म्हणवलं नाही.

ते खरं होतं, म्हणून ललिता जास्तच ओरडली.

गोसाई भांडणाला घाबरणारे गृहस्थ. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढील अशी वाट ते शोधत होते, आणि ती त्यांना सापडली. माताजी प्रत्येक ओळीमागे नाम म्हणत होत्या ना, त्यांनी विचारलं. ललिता हुंदका गिळत हो म्हणाली. मग नाम तुटलं कुठे? रिंगणात गळा नसेल, पण याच घरात एक जिवंत गळा नाम धरून होता. पतीच्या मागे सती नाम म्हणत होती. त्यांचे डोळेच भरून आले.

गौरहरीला हे बुडत्याला काडी मिळावी तसं झालं. हे आपण बाहेर सांगू, तो म्हणाला. आईने नाम राखलं म्हणून सांगू, लोक पायधूळ घ्यायला रांगा लावतील. आश्रमबिश्रम सगळं रद्द, मांडवात मधोमध आसन घालू तिचं. ललितानेही डोळे पुसले आणि म्हणाली की हो, यात सगळ्यांचीच अब्रू राहते. घटकेपूर्वी एकमेकांच्या उरावर बसलेली भावंडं पुन्हा एका बाजूला झाली, आणि झर्णा एकटी राहिली.

“मला उठवून बसव, बौमा,” क्षीरोदा म्हणाली.

ललिताच्या आरडाओरड्यात गोळीची झोप टिकली नव्हती. जीभ जड होती, पण सगळं तिच्या कानांवर पडलं होतं. सकाळी पहिली ओळ आली तेव्हा तिला क्षणभरही शंका आली नव्हती. तिसऱ्या नावापाशी आवाज किंचित खाली झुकवून पुन्हा उचलायचा, हे दुसरं कुणी करणं शक्य नव्हतं. नवरा मेलाय हे तिला कुणी शिकवायला नको होतं, त्याच्या तोंडात गंगाजळ तिनेच घातलं होतं. तिला वाटलं, आपल्याला न्यायला आलेत. म्हणून ती मागे म्हणू लागली, की आले, मला सोडून पुढे जाऊ नका. किती तरी वर्षांत तिला इतका आनंद झाला नव्हता. आता तो फोन होता हे कळलं, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. ती लाज तिला ज्याने आणली तो समोर गुडघे टेकून बसला होता.

“सकाळी मी वेडी होते,” ती गौरहरीला म्हणाली. “आता सती झाले का रे? तुला जेव्हा जे अडेल ते मी व्हायचं?”

तसं नाही, मा, असं काहीतरी तो बोलू लागला.

“मला वाटलं ते मला न्यायला आले. माझं मरण आलं म्हणून मी आनंदात होते. तू शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होतास.”

गोसाईंनी हात जोडून विनवलं, की माताजी, नामाकडे बघून सोडून द्या.

“नामाकडेच बघतेय, गोसाई,” क्षीरोदा म्हणाली. “मी म्हणत होते, कबूल. मग याने मला झोपवलं. त्यानंतर कोण म्हणत होतं? तुमचा एक जिवंत गळा होता, तोही यानेच बंद केला.”

गोसाईंनी जपाच्या पिशवीत हात घातला आणि मान खाली घातली. मग क्षीरोदाने गौरहरीला काय करायचं ते सांगितलं. बाहेर जा. नाम तुटलं होतं, काटोयाच्या दलापासून ते पुन्हा धरलंय, उद्या त्या घटकेपर्यंत चालवायचं, असं लोकांना सांग. कसं तुटलं ते सांग. आणि मी वेडी नाही हेही सांग. ते सकाळपासून सगळ्या गावाला कळलंय, आता हे कळू दे.

दुसरं काहीही माग, गौरहरी म्हणाला. गाडी परत पाठवतो, उद्यापासून या घरात तुझा शब्द. पण एवढ्या माणसांत हे बोललो तर जन्मभर मला कुणी दारात उभं करणार नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ललिताही मध्ये पडली, की आता खरं नाम चालू आहे, माणसं जेवतायत, घरातलं घरात राहू दे.

“तू हात सोडवून घेतलास,” क्षीरोदा तिला म्हणाली. “तू बोलू नकोस.”

ललिता पलंगाच्या पायथ्याशी मटकन बसली. गौरहरी उठला, खांद्यावरची चादर सारखी केली आणि बाहेर गेला.

झर्णा खिडकीशी उभी होती. तिथून मांडवाची एक बाजू दिसायची. गौरहरी रिंगणापर्यंत गेला, काटोयाच्या म्होरक्याच्या कानाशी वाकला, मग पंगतीकडे वळून हात जोडून काहीतरी बोलला. जवळच्या दोघा-तिघांनी कपाळावर हात मारला, हरी हरी म्हणाले. बाकीच्यांना तो काय बोलला ते कळलंही नसेल. तो खिडकीच्या बाजूला वळून बोलला होता, म्हणून झर्णाला मात्र सगळं ऐकू आलं.

तो परत आला, दाराला कडी घातली, तोंड पुसलं आणि म्हणाला, “सांगितलं. झालं समाधान?”

“काय सांगितलं?” क्षीरोदाने झर्णाला विचारलं.

“दल यायला उशीर झाला म्हणून मध्ये खंड पडला, असं म्हणाले. आता उद्या दुपारपर्यंत नाम चालेल, सगळ्यांनी क्षमा करावी, असं म्हणाले.”

“आणि माझं?”

“तुमचं काही नाही, मा.”

लोकांना काय ते आपोआप कळेल, गौरहरी म्हणाला, तुला उद्या बघतील तेव्हा. त्याच्या आवाजात आता विनवणी होती, आणि ती खोटी नव्हती.

“परत जा,” क्षीरोदा म्हणाली. “या वेळी माइकवर.”

त्याने गोसाईंकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. ललिताने बसल्या जागेवरून हात लांब करून दाराची कडी काढली.

बराच वेळ नुसतं नाम ऐकू येत होतं. मग भोंगा खरखरला. काटोयाचं दल थांबलं नाही, पण त्यांनी आवाज खाली उतरवला, आणि त्यावरून गौरहरीचा आवाज आला.

“माझी आई वेडी नाही,” तो म्हणाला आणि थांबला. पंगतीतली भांडी वाजायची बंद झाली. “ती म्हणत होती बाबा गातायत. तो बाबांचाच आवाज होता. रिंगणात कुणी नव्हतं. मी... मीच तो फोनवर लावला होता. तिने ओळखला. मला ठाऊक होतं, तरी मी तिला वेडी म्हणालो.” मग नुसता त्याचा श्वास सगळ्या गावाला ऐकू जाऊ लागला.

ललिता तोंडात पदर कोंबून रडत होती. आता पुरे झालं असं झर्णालाही वाटलं. तिने खिडकीचं दार ओढून घ्यायला हात घातला.

“राहू दे उघडी,” क्षीरोदा म्हणाली. “गोळीचं अजून सांगितलं नाही त्याने.”